फ्रीजरावांच्या कानावर

"दादा, खाली ये."

"अगं, तू तर आत्ता वर होतीस—"

"खाली ये म्हणतेय ना! आणि एकटाच ये. वहिनीला काही सांगू नकोस."

फोन खिशात टाकत मिस्त्रींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायको ओट्याशी उभी राहून कपबशा विसळत होती. चेहरा अगदी शांत. काही फुटलेलं नव्हतं, काही आपटलेलं नव्हतं. तरी त्यांचा भरवसा बसेना. धाकटी बहीण आणि बायको तासभर एका खोलीत बसल्या की कुणीतरी घायाळ व्हायचंच, हा त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव. आणि आज नेमके ते बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरत पडले होते.

धाकटी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, आणि नाक लाल.

"काय बोलली ती तुला?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही बोलली."

"मग रडतेस कशाला?"

"काही बोलली नाही म्हणूनच रडतेय! कळत कसं नाही रे तुला?"

मिस्त्रींना खरंच कळलं नाही. ते तिच्या शेजारी बसले. धाकटीने नाक पुसलं आणि आवाज खाली आणला.

"आल्या आल्या मी म्हटलं, 'वा वहिनी, घर काय ठेवलंयस! धुळीलासुद्धा त्रास दिला नाहीस, बिचारी जिथल्या तिथे आहे.' तर म्हणते, 'हो ना, थँक्यू.'"

"बरं मग?"

"मला वाटलं, दम खातेय. काहीतरी मोठं काढतेय माझ्यासाठी. म्हणून मीच आणखी डिवचलं. म्हटलं, 'या पडद्यांचं बाई कौतुक आहे. मूळचा रंग कोणता होता हे कुणाला सांगता यायचं नाही.' तर म्हणते, 'निळा होता. तुला आवडले का? ने.' दादा, ती खरंच स्टुलावर चढली. पडदे काढायला लागली. मी हाताला धरून खाली उतरवलं तिला."

मिस्त्रींना हसू येणार होतं, पण बहिणीच्या तोंडाकडे पाहून ते आलं तसं परत गेलं.

"रागावली असेल," ते म्हणाले. "मुद्दाम वेड पांघरलं असेल."

"मी तिचा राग ओळखत नाही? तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. मी डोळ्यांत पाहिलं तिच्या. तिला लागलंच नाही काही. तिला समजलंच नाही, दादा, मी काय बोलले ते." आणि धाकटीला पुन्हा रडू फुटलं. "माझ्याशी अशी गोड बोलणारी ती माझी वहिनी नव्हे. डॉक्टरला दाखव तिला. उद्याच्या उद्या दाखव."

"अगं, वय झालं की माणूस निवळतो," मिस्त्री म्हणाले. हे वाक्य ते वर्षभर सगळ्यांना सांगत आले होते आणि प्रत्येक वेळी त्यांना ते पटलं होतं. आज पहिल्यांदाच ते त्यांना स्वतःलाच पटलं नाही.

आता मिस्त्रींची आणि त्यांच्या बायकोची ओळख करून द्यायची, तर आधी फ्रीजची करून द्यावी लागेल.

मिस्त्री लिफ्टची दुरुस्ती करायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. बाकी दुनियेत ते मिस्त्रीच. लग्न झाल्यावर दोनेक वर्षांनी, एका कचेरीने भंगारात काढलेला फ्रीज त्यांनी घरी आणला. आठवडाभर उघडून बसले आणि तो चालू केला. अंग झटकून सुरू व्हायचा, शिंक दिल्यासारखा बंद पडायचा, पण चालायचा. बायको तेव्हा नवीन होती, अबोल होती. कमरेवर हात ठेवून ती त्या फ्रीजसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "या फ्रीजराव. या घरात तुमची दुरुस्ती उत्तम होईल. विचारपूस मात्र कुणी करेल अशी आशा ठेवू नका."

मिस्त्री हातात पाना घेऊन तिथेच उभे होते. पण त्यांना ती काही बोललीच नव्हती, त्यामुळे उत्तर द्यायची सोय नव्हती. आणि तेव्हापासून ती पद्धतच पडली. नवऱ्याला थेट ऐकवायचं नाही. जे काही असेल ते फ्रीजरावांच्या कानावर घालायचं. मिस्त्री तेलकट बूट घालून आत आले की, "फ्रीजराव, बघून घ्या. फरशीवर नक्षी काढून मिळालीय, तीही फुकट." यायला उशीर झाला की, "फ्रीजराव, दार उघडू नका हं एकदम. पाहुणे कुणाकडे आलेत ते आधी विचारा." एकदा ते तापाने फणफणले होते आणि मला काही झालेलं नाही असं म्हणत कामावर निघाले होते, तेव्हा, "फ्रीजराव, काही लोकांच्या अंगाला हात लावू नका, चटका बसेल. टेबलावर गोळी आहे, लिफ्टला द्यायची असेल तर न्यावी." मिस्त्रींनी गोळी घेतली आणि अंथरुणावर जाऊन पडले.

मुलगी थोडी मोठी झाल्यावर तिने एकदा विचारलं होतं, "आई बाबांशी का बोलत नाही?" मिस्त्रींना प्रश्नाचंच नवल वाटलं. दिवसभर बोलत तर असते!

टोमण्यांचं कौतुक सांगतोय म्हणून ते सगळे गुदगुल्याच करायचे असं मात्र समजू नका. काही टोमणे अंगावरून जायचे, काही ओरखडा काढायचे, आणि एक मिस्त्रींच्या आत जाऊन बसला तो बसलाच. मुलगी तीन वर्षांची होती. तिच्या छातीत कफ भरला होता, श्वास लागत होता. त्याच वेळी कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत माणसं. मिस्त्री गेले. तिथून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. घरी आले तेव्हा मुलीचा श्वास ताळ्यावर आला होता, आणि बायको दोन दिवस न झोपलेल्या डोळ्यांनी दूध तापवत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. नेहमीच्या धारदार आवाजातही बोलली नाही. हळूच म्हणाली, "फ्रीजराव, लिफ्टमध्ये अडकलं की फोन करायला एक नंबर असतो. घरात अडकलेल्यांनी कुणाला फोन करायचा, तेवढं विचारून ठेवा."

याचं उत्तर द्यायला पाहिजे, असं मिस्त्रींनी तेव्हाच ठरवलं होतं. उत्तर काही सुचलं नाही. सुचलं तेव्हा वेळ गेली होती, आणि मग मुलीची शाळा, कॉलेज, नोकरी, तिचं दुसऱ्या गावी बिऱ्हाड. देऊ कधीतरी, घरातच तर आहे, असं म्हणता म्हणता केस पांढरे झाले.

आणि मग गेल्या वर्षी बायको निवळली.

म्हणजे घरातल्यांनी त्याला निवळणं असं नाव दिलं. बूट घालून आत आलं तरी "बरं झालं आलात" म्हणायची. फ्रीज शिंकला तरी त्याच्याकडे बघायची नाही. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आई किती गोड झालीय! काय जादू केलीत?" मिस्त्रींनी कामावरच्या जोडीदाराला चहा पाजला आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "आमच्याकडे आता शांतता आहे, बरं का. पूर्ण." घरी जाताना ते जिन्यात शीळ घालायला लागले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ती शीळ आता पायरीवर बसल्या बसल्या त्यांना आठवली, आणि कानाची पाळी गरम झाली.

धाकटी गेली. मिस्त्री वर आले, पण चौकटीपाशी थांबले. मग त्यांनी एक वेडगळ गोष्ट केली. पुन्हा खाली गेले, इमारतीमागच्या बागेतल्या ओल्या मातीत बूट चांगले बुडवले, आणि तसेच घरात शिरून थेट स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले. फरशीवर चिखलाचे ठसठशीत ठसे उठले. बायकोने वळून पाहिलं. मिस्त्री जागीच थांबले. बोल, ते मनात म्हणत होते, बोल काहीतरी, कसलं ध्यान आलंय ते सांग फ्रीजला.

"बाहेर पाऊस आहे का?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि चिखलात पाय देत ताटं मांडायला लागली.

त्या दिवसापासून मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला. डॉक्टरची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली होती. तोवर गप्प बसवेना. बायको चहात साखर घालत होती ती ते आता मोजल्यासारखी पाहू लागले. चमचा आत जायचा, पुन्हा जायचा, पुन्हा जायचा. एकदा जेवताना त्यांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "धाकटी म्हणत होती, चार महिने आपल्याकडेच येऊन राहते. सामानसुमान घेऊन." पूर्वी या वाक्यावर फ्रीजरावांना बसून ऐकावं लागलं असतं. बायकोने भात कालवता कालवता मान हलवली.

"येऊ देत. खोली आहे रिकामी."

"तुला चालेल?"

"का नाही चालणार? चांगली आहे ती."

मिस्त्रींच्या हातातला घास हातातच राहिला. ही बाई खोटं बोलत नव्हती. गोड बोलत नव्हती, बेरकीपणा करत नव्हती, काहीच करत नव्हती. जे बोलत होती तेच आणि तेवढंच तिच्या मनात होतं. त्याच्या मागे दुसरं कुणी उभं नव्हतं. मिस्त्रींना भीती वाटली. स्वतःच्या बायकोसमोर, दिवसाउजेडी, भरल्या ताटावर भीती वाटली.

कामावर त्यांचं लक्ष लागेना. एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत ते आणि जोडीदार ब्रेक तपासत होते. जोडीदार त्यांच्याच वयाचा, जाडजूड, दर वाक्याला हसणारा. लिफ्ट थांबली की ब्रेक लागतो तेव्हा टक् असा आवाज होतो. बाकी मशीन जितकं गप्प तितकं चांगलं. तो टक् मात्र यावाच लागतो. मिस्त्री कान देऊन उभे होते, लिफ्ट खाली-वर करून झाली, आणि जोडीदाराने विचारलं, "काय मिस्त्री, ठीक?"

"काय ठीक?"

"ब्रेक हो! ऐकताय ना?"

मिस्त्रींनी ऐकलंच नव्हतं. आवाज आला होता की नाही, हे त्यांना सांगता येईना. आजवर असं कधी झालं नव्हतं. ते स्टुलावर बसले.

"माझी बायको टोमणे मारत नाही रे," ते म्हणाले.

जोडीदार खदखदून हसला. "मग रडताय काय? माझी एक दिवस गप्प बसली तर मी अख्ख्या डेपोला जेवण घालीन. तुम्हीच तर सांगत होतात, शांतता—" आणि मग त्याने मिस्त्रींचा चेहरा पाहिला. हसू आवरून, जवळचं पोतं ओढून तो त्यावर बसला. थोड्या वेळाने तो उठला. "थांबा, मी बघतो ब्रेक. तुम्ही नुसते बसा."

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी मुलगी आली. तिला वाटत होतं, बाबा उगाच घाबरलेत. आईच्या गळ्यात हात टाकून ती म्हणाली, "माझी आई तर एकदम फ्रेश दिसतेय," आणि आईनेही "हो, छान वाटतंय" म्हणून सांगितलं. मिस्त्री मागून पिशवी धरून चालत होते.

डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत होत्या, आणि लिहिताना जीभ दातात धरायच्या. त्यांनी बायकोला बरंच काही विचारलं. आजचा वार, उलटे आकडे, घड्याळाचं चित्र. बायकोने सगळं बिनचूक सांगितलं. मुलीने बाबांकडे पाहून भुवया उडवल्या, पाहिलंत? मिस्त्रींच्या छातीवरचं ओझं जरा हललं. उगाच आपण आपल्या बाईला वेडात काढली, असं त्यांना वाटलं, आणि या वाटण्याचा इतका आनंद झाला की ते खुर्चीत सैल टेकून बसले.

मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आता एक छोटी गोष्ट सांगते, आजी. दोन मित्र आहेत. एक जण एकटा घरातलं सगळं सामान ट्रकवर चढवतोय. दुसरा खुर्चीत बसून नुसता बघतोय. सामान चढवून झाल्यावर पहिला दुसऱ्याला म्हणतो, 'दमला असशील ना रे. फार कष्ट घेतलेस आज. जरा विश्रांती घे.' पहिल्याच्या मनात काय असेल?"

मिस्त्री पुढे सरकले. हे तर तिचं घरचं मैदान! यापेक्षा दहापट तिखट तिने सकाळी दात घासता घासता फ्रीजला ऐकवलं असतं. त्यांना मध्ये बोलायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले.

बायकोने नीट विचार केला.

"त्याला मित्राची काळजी वाटतेय," ती म्हणाली. "चांगला आहे तो मुलगा."

"आणि दुसरा खरंच दमलाय का?"

"हो. तो म्हणाला ना तसं."

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. बायकोने दोन्हींमधली सगळी माणसं चांगली ठरवली. मुलीच्या भुवया आता खाली आल्या होत्या. नर्स आईला वजन करायला बाहेर घेऊन गेली, तेव्हा डॉक्टर मिस्त्रींकडे वळल्या.

"यांना सारकॅझम कळायचा का आधी?"

"काय कळायचं?"

"सारकॅझम. म्हणजे बघा... शब्द गोड असतात, पण बोलणाऱ्याला म्हणायचं असतं भलतंच. कौतुकाच्या भाषेत कुणाला तरी टोचायचं—"

"टोमणे," मिस्त्री म्हणाले.

"हां, टोमणे. मारायच्या का त्या कधी?"

"मारायची का?" मिस्त्रींनी मुलीकडे पाहिलं आणि पुन्हा डॉक्टरांकडे. "डॉक्टर, आमच्या घरात दुसरं काही बोललंच जायचं नाही."

डॉक्टर हसल्या नाहीत. "आणि बंद कधी झालं हे?"

"झालं वर्ष. थोडं जास्तच."

"तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," मिस्त्री म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना तोंडातून ढकलावं लागलं. "आम्हाला वाटलं, सुधारली. आम्ही खूश होतो."

मुलीने तोंड खिडकीकडे केलं.

डॉक्टरांनी मग हळूहळू समजावलं. मेंदूच्या पुढच्या भागाचा एक आजार असतो. त्यात स्मरण पुष्कळ दिवस शाबूत राहतं, पण दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते कळेनासं होतं. फोटो काढावे लागतील, आणखी तपासण्या कराव्या लागतील, आत्ताच काही सांगता येणार नाही. पण टोमणा मारायचा किंवा समजायचा, तर समोरच्याच्या डोक्यात शिरून बघता यायला हवं. त्याला काय ठाऊक आहे, काय ऐकायला नको आहे, नेमकं कुठे दुखेल. "फार अवघड काम आहे ते मेंदूसाठी," डॉक्टर म्हणाल्या. "आपल्याला वाटतं, लोक उगाच बोलतात."

घरी येताना बायको टॅक्सीत खिडकीशी बसून बाहेरच्या पाट्या एकामागून एक मोठ्याने वाचत होती. मधल्या जागेवर मुलगी. ती फोनवर काहीतरी शोधत होती.

"काय बघतेस?" मिस्त्रींनी विचारलं.

"तो शब्द. सारकॅझम." तिने वाचून दाखवलं, "एखाद्याला दुखावण्यासाठी किंवा हिणवण्यासाठी, मनात असेल त्याच्या उलट शब्दांत केलेलं बोलणं. टोमणा, उपरोध."

"दुखावण्यासाठीच, असं लिहिलंय?"

"हो."

"दुसरा काही अर्थ दिलाय का खाली?"

मुलीने बोटाने पडदा वरखाली सरकवून पाहिला. "नाही बाबा. एकच दिलाय."

मिस्त्रींना तापातली ती गोळी आठवली. हा नवरा कुठे ऐकेल आणि कुठे नाही ऐकणार, कशाने चिडेल, कशाने मुकाट अंथरुणावर जाऊन पडेल, हे सगळं त्या बाईला आतून ठाऊक होतं. इतकी वर्षं ती त्यांच्या डोक्यात ये-जा करत होती, आणि ते समजत होते की आपल्यावर दगड पडताहेत. दगड नव्हतेच असंही नाही. पण ज्या घरात कुणी राहतच नाही तिथे कशाला कोण दगड मारत बसेल?

मुलीला रजा नव्हती. ती आईला घट्ट मिठी मारून, जिन्यात उभी राहून पोटभर रडून, मग तोंड धुऊन गेली. मिस्त्री दुसऱ्या दिवशी डेपोत साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मला अडकलेल्या लिफ्टच्या कामावरून काढा. वेळीअवेळी फोन येतो ते काम आता नको. दिवसाची तपासणी द्या, नाहीतर झाडू मारायला ठेवा, पण मला ठरल्या वेळेला घरी जायचंय." साहेब म्हणाले की तुमच्यासारखा माणूस त्या कामावर मिळत नाही. मिस्त्री म्हणाले की मिळेल. आजवर प्रत्येक वेळी मिळाला असता, हे मात्र ते बोलले नाहीत. ते त्यांच्या मनातच घुमत राहिलं.

संध्याकाळी उजेड असतानाच ते घरी निघाले. या वेळचा जिना त्यांना नीटसा ओळखीचा नव्हता. कुणाच्या तरी घरातून फोडणीचा वास येत होता, कुठेतरी मूल धडा घोकत होतं. आपल्या मजल्यावर आल्यावर त्यांनी बूट काढले, दाराबाहेर टाचेला टाच लावून ठेवले, आणि मोजे घातलेल्या पायांनी आत गेले.

बायको स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर चहा होता आणि साखरेचा डबा उघडा होता.

"बरं झालं आलात," ती म्हणाली.

मिस्त्री दारात उभे राहिले. दिवसभर मनात जुळवत आणलेलं सगळं विस्कटून गेलं. तिला थेट काही सांगायची सवय त्यांना नव्हतीच. या घरात थेट बोलण्याची वाट कधी कुणी पाडलीच नव्हती. जी वाट होती ती एकच. ते फ्रीजकडे वळले. फ्रीज तेवढ्यात अंग झटकून सुरू झाला होता. मिस्त्रींनी कमरेवर हात ठेवले, तिच्यासारखे, आणि घसा साफ केला.

"फ्रीजराव," ते म्हणाले, "पाहिलंत का? आज सूर्य कुठे उगवला कोण जाणे. काही लोकांना दाराबाहेर बूट काढायचं आठवलं."

त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. बायको त्यांच्याकडे बघत होती. लक्ष देऊन बघत होती. मिस्त्रींना धीर आला.

"आणि फ्रीजराव, तुम्हाला मागे एक नंबर विचारून ठेवायला सांगितला होता. घरात अडकलेल्यांसाठी. तुम्ही काही विचारला नाहीत, आणि मीही..." त्यांनी फ्रीजच्या दारावर हात टेकला. "तर त्यांना सांगा, माणूस आलाय. फार उशीर केला त्याने. पण आलाय. आता जाणार नाही कुठे."

बायको उठली. त्यांच्याजवळ आली. तिने एकदा फ्रीजकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या दंडावर हात ठेवून, लहान मुलाला समजवावं तशा मायेने म्हणाली,

"अहो, तो फ्रीज आहे. त्याला ऐकू येत नाही."

"हो," मिस्त्री म्हणाले. "खरंच की."

त्यांनी तिला पुन्हा खुर्चीवर बसवलं. साखरेच्या डब्याचं झाकण लावलं, दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्या समोर बसले. फ्रीज थोडा वेळ घुरघुरला आणि शिंकून बंद पडला. बायकोने तिकडे पाहिलं नाही. ती चहा ढवळत होती.